टिकमार्कांची खतावणी

कामांची यादी सांभाळणारं ॲप आणि माहिती साठवणारं ॲप एकाच फोनमध्ये, एकाच पडद्यावर, एकमेकांना खेटून राहतात आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. आज गिझरवाल्याला बोलवायचं आहे हे टुडुइस्टला ठाऊक असतं. गिझर मागच्या खेपेला का बिघडला होता, ते नोशनच्या कुठल्यातरी पानावर पडलेलं असतं. आणि या दोघांचा मालक थंड पाण्याने आंघोळ करत असतो. ऑफिसात हेच दुःख घाऊक भावात मिळतं. तिथे कामं जिरात (फोडणीतल्या नव्हे) आणि माहिती कॉन्फ्लुअन्समध्ये. जिरा 2002 सालचं, कॉन्फ्लुअन्स 2004 सालचं, दोन्ही ॲटलासियन या एकाच ऑस्ट्रेलियन कंपनीची अपत्यं. तरी सख्ख्या भावंडांत बोलणं व्हावं म्हणून मधे नियम लिहून द्यावे लागतात. वडिलोपार्जित जमीन असलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला यात नवल वाटणार नाही. हा अबोला मिटवायला मग मध्यस्थ निघाले: अमेरिकेत 2011 साली सुरू झालेलं झॅपियर, प्रागमध्ये जन्मून पुढे नाव बदललेलं मेक, बर्लिनचं एनएटएन. त्यांचं आश्वासन मोठं मोहक आहे. तुम्ही नुसती कामं उरका आणि टिक मारा. प्रत्येक टिकेसरशी माहितीच्या कोठारात आपोआप एक पान तयार होईल आणि वर्षअखेर तुमचा स्वतःचा ज्ञानकोश उभा राहील. श्रीधर व्यंकटेश केतकरांना महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड काढताना उमेदीची वर्षं घालावी लागली. हल्ली त्याला एक संध्याकाळ आणि एक क्रेडिट कार्ड पुरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही जोडणी अधूनमधून बिघडते ही तिची खरी अडचण नव्हेच. ती उत्तम चालते तेव्हाच तिचा निरुपयोग पूर्णत्वाला जातो.

आधी ती चालते कशी ते पाहू. तत्त्व बालवाडीतलं आहे: अमुक झालं, तर तमुक कर. पहिल्या भागाला ट्रिगर म्हणतात, दुसऱ्याला ॲक्शन. काम पूर्ण झालं हा ट्रिगर, नवं पान उघड ही ॲक्शन. मग कुठल्या खणातलं कुठल्या खणात घालायचं ते जुळवून द्यायचं: कामाचं नाव मथळ्यात, तारीख तारखेत, टॅग टॅगात. हे जुळवताना आपण काहीतरी भव्य उभारतो आहोत असं माणसाला वाटतं, आणि त्या संध्याकाळी मूळ यादीतलं एकही काम होत नाही. झॅपियर आपल्या प्रत्येक यशस्वी हालचालीला ‘टास्क’च म्हणतं आणि तेच मोजून बिल लावतं. म्हणजे तुमचं एक काम झालं की त्याचं एक काम होतं आणि पैसे त्याच्या कामाचे पडतात. तारखांची गंमत आणखी निराळी. यंत्रं आपसात जागतिक प्रमाणवेळेने बोलतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्री दीड वाजता जागून संपवलेलं काम कोठारात आदल्या दिवशीच्या तारखेने जमा होऊ शकतं. मुदत उलटल्यावर काम करून ते मुदतीत बसवण्याचा हा एकमेव प्रामाणिक मार्ग असावा. रोजच्या कामांनी तर कहर होतो. ‘कुंड्यांना पाणी घालणे’ हे काम रोज टिकलं जात असेल, तर वर्षाला 365 पानं तयार होतात, सगळ्यांचा मथळा एकच आणि सगळी आतून कोरी. जास्वंदीला फुलं तेवढीच येतात. एखाद्या हौशी माणसाने जोडणी दुहेरी केली, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे, तर काम पानाला जन्म देतं, पान नव्या कामाला, ते काम आणखी एका पानाला, आणि हा वंशविस्तार महिन्याचा कोटा संपेपर्यंत चालू राहतो. जाणते लोक त्यावर उपाय म्हणून यंत्राने केलेल्या पानावर खूण ठेवतात आणि त्या खुणेच्या वाटेला जायचं नाही अशी यंत्राला ताकीद देतात. पण हे सगळे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत, आणि दुरुस्त होणाऱ्या दोषांना हसण्यात फारसा अर्थ नाही. समजा, सगळं सुरळीत झालं. पान वेळेवर आलं, एकदाच आलं, योग्य तारखेने आलं. त्या पानावर आहे काय?

आहे ते असं: ‘गिझर दुरुस्त करून घेणे. पूर्ण.’ आता या कामातून घरात खरं ज्ञान काय आलं ते बघा. गिझर बिघडलाच नव्हता, त्याचा एमसीबी उडत होता. पहिल्या मेकॅनिकने न बघताच कॉइल बदलायला सांगितली, दुसऱ्याने पाच मिनिटांत दोष दाखवला. तो दुसरा फोन उचलत नाही, पण त्याच्या मेव्हण्याचं दुकान कोपऱ्यावर आहे आणि निरोप तिथे ठेवला तर पोहोचतो. पुढच्या हिवाळ्यात उपयोगी पडेल असं जे काही आहे ते एवढंच, आणि यातलं एक अक्षरही कामाच्या यादीत कधी नव्हतं. असण्याचं कारणही नाही. यादीतली ओळ काम होण्याच्या आधी लिहिली जाते. शहाणपण काम झाल्यावर येतं, पुष्कळदा काम बिघडल्यावर येतं. यंत्र इमानाने आधीची ओळ उचलतं आणि नंतरच्या कोठारात नेऊन ठेवतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यातून आपण कामं लिहितो ती स्वतःला समजतील एवढीच. ‘कुलकर्णींना फोन करणे’ ही नोंद ज्या सकाळी केली त्या सकाळी पुरेशी असते. सहा महिन्यांनी, विशेषतः पुण्यात, तिचा अर्थ ‘एका माणसाशी बोलणे’ इतकाच उरतो. ऑफिसातही वेगळं काही घडत नाही. लॉगिनच्या पानावरचा दोष चार दिवस छळतो, शेवटी तो दुसऱ्याच टीमने बदललेल्या एका सेटिंगमुळे होता असं निघतं, आणि तिकिटावर नोंद पडते, ‘फिक्स्ड.’ नवा माणूस रुजू होतो, कॉन्फ्लुअन्समध्ये ‘लॉगिन’ शोधतो आणि त्याला समोर ‘फिक्स्ड’ची रांग दिसते. आपली कंपनी लॉगिन वारंवार दुरुस्त करते, एवढं ज्ञान मात्र त्याला मिळतं.

रोजच्या घडामोडींतून कायमची माहिती कशी काढायची, हा प्रश्न काही संगणकाने जन्माला घातलेला नाही. लूका पाचोली नावाच्या गणिती साधूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्याच्या तीन वह्या सांगितल्या आहेत. पहिली कच्ची, तिच्यात घरातल्या कुणीही घडेल ते घडेल तसं लिहावं. दुसरीत तेच नीटनेटकं, दिवसाच्या क्रमाने. आणि तिसरीत खातेवार. आपल्या पेढ्यांवर शेवटच्या दोघींची नावं कीर्द आणि खतावणी. कीर्द म्हणजे आजच्या भाषेत पूर्ण झालेल्या कामांची यादी आणि खतावणी म्हणजे नॉलेज बेस. दोन्हींमधली जोडणी शेकडो वर्षं बिनबोभाट चालू होती; फक्त त्या ऑटोमेशनला पगार द्यावा लागे आणि ते दुपारच्या जेवणानंतर गादीवर लवंडत असे. ही जोडणी चालली याचं कारण दिवाणजी खतावताना वाचत असे. एकाच गिऱ्हाइकाने तीन ठिकाणी तीन वेळा उधारी केली हे कीर्दीत दिसत नाही, कारण मधे इतर पन्नास व्यवहार असतात. त्याच्या खात्यावर तिसरी रक्कम चढवताना मात्र दिवाणजीचा हात अडखळतो, तो चष्मा कपाळावर घेतो आणि शेटजींच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलतो. जे बोलतो ते ज्ञान. ते कीर्दीत नव्हतं आणि खरं म्हणजे खतावणीतही नव्हतं. एकीतून दुसरीत नेण्याच्या कंटाळवाण्या कामात ते तयार झालं. झॅपियरने तो कंटाळा काढून टाकला, आणि त्याच्याबरोबर कानाशी बोलणंही गेलं.

नोट्स-ॲपवाल्यांच्या देव्हाऱ्यात ज्याचा टाक हमखास असतो, त्या निक्लास लुमानकडे पाहिलं तरी हेच दिसतं. या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे 90,000 चिठ्ठ्या लिहून लाकडी कपाटांच्या खणांत लावल्या आणि त्यांच्या जोरावर डझनावारी पुस्तकं लिहिली. चिठ्ठ्यांच्या या पसाऱ्याशी आपला संवाद कसा चालतो यावर 1981 साली त्याने एक निबंधही लिहिला. त्याची रीत अशी, की नवी चिठ्ठी विषयाच्या गठ्ठ्यात टाकून मोकळं व्हायचं नाही. ती कुठल्या जुन्या चिठ्ठीच्या मागे बसते ते ठरवायचं आणि त्या शेजारणीवरून तिला क्रमांक द्यायचा. म्हणजे प्रत्येक नोंदीगणिक जुन्या नोंदी चाळणं आलं, हे कशाशी जुळतं आणि कशाला छेद देतं याचा विचार आला, हाताला रग लागणं आलं. आज लुमानचं नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या साधनांचा पहिला दावा हा असतो, की लुमानने जे केलं ते तुम्हाला करावं लागणार नाही.

ही जुन्या वह्यांची हळहळ आहे असं कुणाला वाटेल, म्हणून जरा नव्या जमान्यातलं उदाहरण घेऊ. 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना किरकोळ माहितीची वाक्यं संगणकावर टाइप करायला दिली. अर्ध्यांना सांगितलं की हे साठवलं जाईल, अर्ध्यांना सांगितलं की पुसलं जाईल. पुसलं जाणार असं समजणाऱ्यांना नंतर जास्त आठवलं. त्या वाक्यांपैकी एक होतं, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. बघून ठेवायची सोय प्रचंड आणि लक्षात ठेवायची बेताची, अशा प्राण्याची निवड करणाऱ्याला विनोदबुद्धी नव्हती असं मानणं कठीण आहे. एका प्रयोगावर सिद्धांताची माडी चढवू नये हे खरं. पण टिक मारल्याबरोबर ‘तुमच्या कोठारात जमा केलं’ असा संदेश झळकतो, तेव्हा डोकं त्या कामाची जबाबदारी सोडून देतं, आणि ज्याने ती घेतली त्या कोठारात फक्त मथळा असतो, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

यावर व्यवहारी माणसाचं उत्तर ठरलेलं आहे: हाताने कुणी लिहीत नाही, मग काहीच नसण्यापेक्षा मथळा का होईना, असलेला बरा. हा युक्तिवाद घरातली जुनी खोकी माळ्यावर टाकतानाही केला जातो आणि त्याचे परिणामही तेच असतात. कोठाराची किंमत त्यात किती आहे यावर नसते, हवं ते किती चटकन हाती लागतं यावर असते. गिझर शोधल्यावर नऊ कोऱ्या पानांखाली दहावं कामाचं पान गाडलेलं असेल, तर ती नऊ पानं शून्य किमतीची नाहीत, उणे किमतीची आहेत. शिवाय या जोडण्यांचं एक वैशिष्ट्य असं, की त्या मुकाट बंद पडतात. पासवर्ड बदलला, दिलेली परवानगी कालबाह्य झाली, कुणी एका रकान्याचं नाव बदललं, संपलं. तशी सूचना इमेलने येते, पण जिथे सूचना वाचल्या जात नाहीत अशाच घरी ती येते. दूधवाला एक दिवस आला नाही तर सकाळी सहाला सगळ्या घराला कळतं. कोठारात पानं येणं थांबलं तर मालकाला पत्ता लागायला महिने जातात, तोही दुसरंच काही शोधताना. एवढे दिवस त्या पानांवाचून कुणाचं काही अडलं नाही, याहून मोठा पुरावा कुठला द्यायचा?

आता सगळ्यात नवा आक्षेप. कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक पाऊल मधे घाला म्हणतात. ती सारांश काढील, टॅग लावील, जुन्या पानांशी धागे जोडील. दोन तासांच्या बैठकीचं शब्दशः टिपण किंवा चाळीस उत्तरांची इमेलमाळ तिच्यापुढे ठेवली तर ती उपयोगी पडते, हे मान्य करायला हवं, कारण तिथे आडात पाणी असतं. पण ‘कुलकर्णींना फोन करणे’ एवढ्याच ऐवजाचा सारांश काढायला लावला, तर ‘संबंधित व्यक्तीशी फलदायी संवाद साधून प्रलंबित मुद्द्यांना गती देण्यात आली’ असं काहीतरी ती लिहून देईल. कुलकर्णींनी फोन उचललाच नव्हता. कोऱ्या पानात निदान एक प्रामाणिकपणा होता. हे पान तर वार्षिक अहवालासारखं दिसतं, आणि सहा महिन्यांनी ते वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो झटकता येणार नाही. बँकेत, औषधांच्या कारखान्यात, विमानाच्या देखभालीत प्रत्येक केलेल्या कामाची नोंद राहावीच लागते आणि ती यंत्राने केलेली बरी, कारण माणूस विसरतो आणि कधीकधी सोयीने विसरतो. कबूल. पण ते दफ्तर झालं. दफ्तर पुराव्यासाठी असतं, शिकण्यासाठी नव्हे, आणि त्याला कुणी ज्ञानाचं कोठार म्हणत नाही. इथे आपल्या सरकारी कचेऱ्यांची थोडी स्तुती करावी लागते, त्याला इलाज नाही. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत सहा गठ्ठा पद्धत नावाची एक शिस्त आहे. टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत बांधायचे: कार्यवाही व्हायची आहे ते एकात, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारे एकात, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं एकात, नेहमी लागणारे स्थायी आदेश एकात, अभिलेख कक्षात पाठवायचे ते एकात. आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. कागद अभिलेखात जातानाही त्याला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षं ठेवायचा, ‘ड’ वर्षभराने फाडायचा. ही पद्धत पाळली किती जाते हा वेगळा विषय आहे, आणि त्याबद्दल विचारलं तर तो कागद दुसऱ्या गठ्ठ्यात जाईल. पण जिला आपण लाल फितीचं माहेरघर म्हणतो, त्या कचेरीने एक गोष्ट ओळखली होती: झालेल्या बहुतेक कामांची शेवटची जागा रद्दीत असते आणि ती आधीच नेमून ठेवावी लागते. नोंद साठवणाऱ्या जोडण्या बाजारात हजारोंनी मिळतात. वर्षभराने ‘कुंड्यांना पाणी’ची 365 पानं फाडणारी जोडणी करायलाही काही अडचण नाही, ती करायचं कुणाला सुचत नाही, एवढंच.

मग जोडूच नये का? जोडावं, पण उलट्या दिशेने. ज्ञानातून कामं काढणं यंत्राला झकास जमतं. 1935 साली अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 हे विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळलं. विमानात दोष नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या शेपटाच्या हलत्या भागांना जे कुलूप घालतात, ते उड्डाणाआधी काढायचं राहिलं होतं. कसलेल्या वैमानिकाच्या हातून हे झालं म्हटल्यावर ‘अधिक लक्ष द्या’ असं परिपत्रक काढून भागण्यासारखं नव्हतं. म्हणून वैमानिकांनी उड्डाणापूर्वी वाचायची यादी केली. एका अपघातातून आलेलं शहाणपण तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी काम होऊन समोर उभं राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या वेळची 19 मुद्द्यांची यादीही त्याच वंशातली. आपल्या घरी हेच काम गणपतीच्या सामानाची यादी करते. गेल्या वर्षी जानवं विसरलं, ऐन प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मुलाला दुकानात पिटाळावं लागलं, हे कुणीतरी यादीच्या तळाशी लिहून ठेवलं तर ते ज्ञान. आणि पुढच्या वर्षी चार दिवस आधी ‘जानवं आणणे’ असं फोनवर आपोआप उमटलं तर ते ऑटोमेशन. इथेही थोडी डोळस माणसं लागतात. ‘दर वर्षी’ म्हटलं की ॲपला इंग्रजी तारीख कळते, तिथी कळत नाही. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला, 2026 साली 14 सप्टेंबरला. यंत्रावर भिस्त ठेवली तर दूर्वा 18 दिवस आधी येऊन वाळतील.

कामाकडून ज्ञानाकडे जाणाऱ्या वाटेवरही यंत्राला एक जागा देता येईल, घंटा वाजवणाऱ्या शिपायाची. मोठं काम टिकलं गेलं की त्याने पान उघडू नये, एक प्रश्न विचारावा: यात आधी माहीत नसलेलं काय निघालं? उत्तर लिहिलं तर ते पान, नाही लिहिलं तर काही नाही, आणि बहुतेक वेळा काही नसेल, कारण बहुतेक कामांत नवं काही निघत नाहीच. असं केलं तर वर्षाअखेर हजार पानांच्या जागी फार तर पन्नास पानं जमतील, आणि ती उघडावीशी वाटतील. ज्यांनी उत्साहाने सगळं सगळ्याला जोडून ठेवलं आहे, त्यांना एकच विनंती. ती जोडणी आजपासून महिनाभर बंद ठेवा आणि घरात किंवा ऑफिसात कुणालाही सांगू नका. महिन्याभरात एखाद्याने जरी ‘ती पानं का येत नाहीत?’ असं विचारलं, तर खुशाल पुन्हा चालू करा, आणि त्या माणसाला पगारवाढ द्या.